प्रेक्षक कधीचाच तयार आहे

बोट सुटलेली. अठरा वर्षांचा रिची शिकायला लंडनला निघालाय. बाप त्याच्या हातात निरोधचं पाकीट ठेवतो. कुठल्या पोरीला अडचणीत आणू नकोस, एवढाच त्याचा हेतू. बापाची नजर चुकवून पोरगा ते पाकीट समुद्रात भिरकावतो. त्याला पोरींमध्ये रस नाही, मग हे कशाला?

साल १९८१. जीव वाचवू शकणारी एकमेव वस्तू पहिल्याच दिवशी पाण्यात गेली.

बाप वाईट नाही. त्याने काळजीच केली. पण केली ती स्वतःच्या मनातल्या मुलाची. समोर उभ्या असलेल्या मुलाला त्याने कधी काही विचारलंच नव्हतं.

'इट्स अ सिन' ही मालिका इथून सुरू होते आणि पाच भागांत संपते. लेखक रसेल टी. डेव्हिस, दिग्दर्शक पीटर होर, वाहिनी ब्रिटनची चॅनेल फोर, तारीख २२ जानेवारी २०२१. लंडनमधली तरुण गे मुलं आणि एड्सची पहिली दहा वर्षं, एवढं ऐकलं की लोक आधी रुमाल शोधतात. रुमाल लागेल. पण जरा थांबा.

कारण पहिल्या भागात नुसती धमाल आहे. रिची आइल ऑफ वाइट बेटावरून आलेला. रॉस्को नायजेरियन घरातला; घरच्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करून पाहिल्या, मग त्याला नायजेरियाला धाडायचा बेत केला, तेव्हा तो सगळ्यांदेखत घरातून चालता झाला. कॉलिन वेल्सचा, सॅव्हिल रोवरच्या बड्या शिंप्यांकडे उमेदवारी करणारा, लाजराबुजरा. ॲश मुखर्जी, देखणा. आणि जिल, या सगळ्यांची मैत्रीण. एक जुनाट जागा भाड्याने मिळते, तिचं नाव पडतं 'पिंक पॅलेस'. मग रात्र रात्र जागणं, प्रेमात पडणं, तोंडघशी पडणं, पुन्हा प्रेमात पडणं.

ही पोरं मरणार म्हणून आपल्याला आवडत नाहीत. आधी आवडतात, मग मरतात.

हा क्रम फार महत्त्वाचा. पडद्यावरचा गे माणूस वर्षानुवर्षं एक तर हसवायला यायचा, नाही तर मरायला. त्याला भाडं भरताना, ऑडिशनला जाताना, भांडी कोणी घासायची यावरून वाद घालताना कोण दाखवणार? डेव्हिस यांनी दाखवलं. म्हणूनच घरातली एक खोली रिकामी होते तेव्हा ती आपल्या ओळखीची खोली असते.

गे भूमिकांसाठी गे अभिनेतेच घ्यायचे, असंही डेव्हिस यांनी जाहीरपणे सांगितलं. त्यावरून गदारोळ झाला. होऊ द्या. त्याचा फायदा पडद्यावर लख्ख दिसतो: इथे कुणीही 'तसा दिसायची' धडपड करत नाही.

आता तो कप.

ग्रेगरी नावाचा एक मित्र, बसचा कंडक्टर, सगळे त्याला लाडाने ग्लोरिया म्हणतात. तो आजारी आहे. तो घरी येऊन जातो आणि त्याने तोंडाला लावलेला कप मागे राहतो. जिल तो कप घासते. पुन्हा घासते. शेवटी फोडून कचऱ्यात टाकते. ही तीच जिल, जी त्याच ग्रेगरीची सेवा करते, पुढे मोर्चात जाणार आहे, पोलिसांशी भिडणार आहे.

सगळ्यात भली बाईसुद्धा घाबरली होती. मालिका तिला त्यासाठी शिक्षा करत नाही, आणि सूटही देत नाही.

हे दृश्य परक्या देशातलं वाटत नाही, हीच आपली अडचण. वेगळी कपबशी कशी ठेवायची, ती कोनाड्यात कुठे उपडी घालायची, हे मराठी घरांना कुणी शिकवावं लागलेलं नाही. कुणासाठी ठेवायची, एवढंच दर पिढीला बदललं.

ग्रेगरीला त्याच्या घरचे घेऊन जातात. तो गेल्यावर त्याच्या वस्तूंची घरामागे होळी होते. कपडे जळतात, ते एक वेळ समजू. फोटो कशाला जाळायचे? फोटोतून आजार पसरतो असं त्या घरातही कुणाला वाटत नव्हतं. तो कधी होता, हेच पुसायचं होतं.

रिचीचं काय? तो खुशाल नाकारतो. दुसऱ्या भागात तो थेट आपल्याकडे बघून एकामागून एक थिअऱ्या झाडतो. असा रोग असूच शकत नाही, जो फक्त गे माणसांना होतो! हे औषध कंपन्यांचं कारस्थान, हे अमक्याचं, हे तमक्याचं. बोलतो छान. दिसतो छान. आणि चूक असतो.

मालिका आली तेव्हा ब्रिटन कोविडच्या टाळेबंदीत घरी बसलेला होता. रिचीची वाक्यं लोकांना नवी वाटलीच नाहीत. आदल्याच आठवड्यात ती कुणीतरी त्यांच्या फोनवर पाठवली होती.

पण एक फरक लक्षात ठेवा. कोविडची लस वर्षभरात हाताशी आली. एचआयव्हीवरचे प्रभावी संयुक्त औषधोपचार यायला १९९६ उजाडलं. विज्ञान अवघड होतं, मान्य. मात्र ब्रिटनमधल्या एड्सच्या सुरुवातीच्या बळींपैकी एक, टेरी हिगिन्स, लंडनमध्ये वारले १९८२ साली, आणि ब्रिटिश सरकारचं माहितीपत्रक घरोघरी पोचलं १९८७ साली. मधली वर्षं विज्ञानाने खाल्ली का? कागद छापायला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि मग कॉलिन.

पाहणाऱ्याच्या मनात एक छुपा हिशोब चालू असतो. जो जास्त हिंडला, जास्त उधळला, तो आधी जाणार. आपल्याला कुणी विचारलं तर आपण असं मानत नाही म्हणून सांगू. पण मानतो. डेव्हिस यांना हा हिशोब पक्का ठाऊक आहे. म्हणून ते उधळ्या रिचीला मागे ठेवतात आणि घर सांभाळणाऱ्या, वेळेवर झोपणाऱ्या, सगळ्यांशी अदबीने वागणाऱ्या कॉलिनला पुढे पाठवतात. घरमालकिणीच्या मुलाशी आलेला त्याचा संबंध कुणाला माहीतही नव्हता.

विषाणू चारित्र्याचा दाखला मागत नाही. मालिकेचं नाव पापावरून आहे आणि तिसऱ्या भागात ते नाव ती स्वतःच खोडून टाकते.

कॉलिनला फेफरं येतं, मेंदूवर परिणाम होतो, आणि इस्पितळात त्याला कुलूपबंद खोलीत ठेवतात. कायद्याने. गुन्हा काय? आजार. आई येते, तिलाही आत जाता-येता परवानगी लागते. शेवटी जिल आणि मित्र वकील गाठतात, तेव्हा कुठे तो माणसांच्या वॉर्डात येतो.

हे नाट्यासाठी फुगवलेलं वाटतं? १९८५ साली मँचेस्टरच्या मॉन्सल रुग्णालयात एका एड्सच्या रुग्णाला मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने असंच अडकवून ठेवलं होतं.

मँचेस्टर लांब आहे म्हणता? म्हापसा जवळ आहे.

डॉमिनिक डिसोझा हा गोव्याचा तरुण. नियमित रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही सापडला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला बोलावून नेलं आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात बंदिस्त केलं. एकट्याला. ६४ दिवस. त्याला स्वतःला काय झालंय हे नीट कळायच्या आत गावाला कळलं होतं.

रक्तदान करणाऱ्याला समाजाने दिलेली ही पोचपावती.

त्याच्यासाठी कोर्टात कोण गेलं? आई. 'लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य' हा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे चालला, आनंद ग्रोव्हर यांच्यासारखे वकील बाजूने उभे राहिले. डॉमिनिक सुटला. कायदा मात्र सुटला नाही: रुग्णाला अलग ठेवण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने वैध ठरवला. डॉमिनिकने नोकरी गमावली, 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

ओनीर यांचा 'माय ब्रदर निखिल' २००५ मध्ये आला, तो याच प्रसंगावरून सुचलेला. त्यात नायकाला गे केलं, जलतरणपटू केलं, गोवा तसाच ठेवला. चित्रपट अनेकांनी पाहिला. पण कॉलिनच्या कुलपाची गोष्ट इंग्लंडच्या प्रत्येक दिवाणखान्यात गेली, तशी डॉमिनिकच्या कुलपाची गोष्ट आपल्या किती दिवाणखान्यांत गेली? गोव्यातल्या शाळेच्या पुस्तकात आहे? मराठी पोरांना हे नाव माहीत आहे?

शाळेवरून आठवलं. १९८८ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने कलम २८ आणलं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी समलैंगिकतेचा प्रसार करायचा नाही. शाळा त्यांच्याच अखत्यारीतल्या, म्हणजे शिक्षकांनी तोंड शिवून बसायचं. मालिकेतला ॲश शाळेत कामाला असतो. त्याला फर्मान येतं: ग्रंथालयातलं असं सगळं साहित्य शोधून काढ. तो कपाटं पालथी घालतो, एकेक पुस्तक तपासतो.

काहीच सापडत नाही. काढून टाकण्याजोगं एक पानसुद्धा तिथे आधीपासून नव्हतं.

कलम २८ स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि उरलेल्या ब्रिटनमध्ये २००३ साली गेलं. पंधरा वर्षं. एखादं मूल त्या कलमाबरोबर जन्मलं असेल तर शाळेची बहुतेक वर्षं त्याने त्या शांततेत काढली. पुढे हीच मुलं दवाखान्यात उशिरा येतात, तेव्हा त्यांना विचारतात, आधी का नाही बोललात?

आणि रिची? तो थॅचरबाईंनाच मत देतो. मला हे फार आवडलं. गुणी, सोशिक, सगळ्यांना हवासा वाटणारा गे माणूस लिहिणं सोपं असतं. त्याची बाजू घ्यायला प्रेक्षकाला काही कष्ट पडत नाहीत. रिची आत्मकेंद्री आहे, खोटं बोलतो, तपासणी टाळतो, आणि आपल्याला लागण झालीये हे मनात माहीत असूनही पुरुषांबरोबर झोपत राहतो. हे तो मरताना कबूल करतो. तरी तो आपला वाटतो का?

वाटतो. इथे लेखक जिंकला.

आता आई. पाचवा भाग व्हॅलरीचा आहे. रिचीची आई, भूमिकेत कीली हॉज. तिला एकाच दिवशी तीन गोष्टी कळतात: मुलगा गे आहे, मुलाला एड्स आहे, मुलगा मरतोय. ती वॉर्डात थयथयाट करते. मला का नाही सांगितलं? कोणी लपवलं? तिथे दुसऱ्या एका रुग्णाची आई उभी असते. ती हिला उलट विचारते, इतकी वर्षं पोटच्या पोराकडे बघून तुला कधी काही दिसलं नाही? तू बघत तरी काय होतीस?

दोन मिनिटांचं काम असेल. सबंध मालिकेतला सगळ्यात टोकदार प्रश्न तिथे आहे.

व्हॅलरी मुलाला बेटावर, आपल्या घरी घेऊन जाते. दार लावते. जिल आणि रॉस्को मागोमाग जातात, जवळ मुक्काम ठोकतात, फोन करतात, वाट बघतात. रिची आतून मित्रांना बोलवा म्हणतो. आई ऐकत नाही. ती त्याला परत लहान करते, आवडीचं खाऊ घालते, चादर नीट करते. प्रेम करते हो! आणि एक दिवस समुद्रकिनारी जिलला येऊन सांगते, तो काल गेला.

काल. म्हणजे भेटता आलं असतं.

जिल तिथे जे सुनावते त्याचा रोख साफ आहे: त्याच्या मनात ही लाज तुमच्या घराने पेरली. त्या लाजेपायी तो लपला, तपासला गेला नाही, इतरांनाही मारून गेला. हे अति झालं, एका शोकाकुल आईवर एवढा वार कशाला, असं वाटणारे असतील. मला तो वार योग्यच वाटतो. मुलगा मेला त्याचं दुःख खरं, आणि तो कसा मेला त्यातला तिचा वाटाही खरा. दुःख झालं म्हणून वाटा माफ होत नाही.

कॉलिनची आई आठवा. साधी वेल्श बाई. तिला तरी कुठे काही ठाऊक होतं? कळल्यावर ती 'पिंक पॅलेस'मध्ये येऊन राहिली, पोराचे मित्र आपले केले, त्याच्या उशाशी बसली. ना शिक्षण जास्त, ना पैसा जास्त. माहिती तेवढीच. दोघींपैकी एकीने दार उघडलं.

कौतुक पुरे. मालिकेत खोट आहे, आणि ती लहान नाही.

जिलला स्वतःचं आयुष्यच नाही. दहा वर्षं ती इतरांच्या चादरी बदलते, इतरांच्या आयांची बोलणी खाते. तिचं प्रेम, तिचा राग, तिचा थकवा कुठे गेला? ज्या जिल नाल्डर या खऱ्या मैत्रिणीवरून हे पात्र घेतलं, त्या अभिनेत्री आहेत, त्यांना भरगच्च आयुष्य आहे; मालिकेत त्यांनी जिलच्या आईचं काम केलंय. पडद्यावरची जिल मात्र देवघरातल्या समईसारखी एका जागी जळत राहते. आणि त्या काळात वॉर्डात राबलेल्या लेस्बियन बायका? जवळजवळ अदृश्य.

दुसरी खोट आपल्याला जास्त बोचावी. ॲश मुखर्जीच्या घरचे कुठे आहेत? रिचीचे आईबाप दिसतात, रॉस्कोचे दिसतात, कॉलिनची आई दिसते. मुखर्जींच्या घरात त्या दहा वर्षांत काय बोललं गेलं, लग्नाचा विषय कितीदा निघाला, कोणत्या मावशीने स्थळ आणलं, एक शब्द नाही. ब्रिटनमधल्या भारतीय घराचा उंबरठा डेव्हिस यांना ओलांडता आला नाही.

तो उंबरठा कुणी ओलांडायचा? आपल्याच लेखकांनी.

पण लिहून तरी ते कुणाच्या गळी उतरणार? खुद्द डेव्हिस यांचं काय झालं बघा. २००५ मध्ये 'डॉक्टर हू' पुन्हा उभी करून दाखवलेला माणूस. त्यांच्या शब्दाला वजन. बीबीसीने ही मालिका नको म्हटलं. आयटीव्हीने नको म्हटलं. चॅनेल फोरनेही आधी नकोच म्हटलं. तिथल्या एका संपादकाने पाठपुरावा सोडला नाही म्हणून पुढे झाली. मागितले होते आठ भाग, हाती आले पाच.

मग काय झालं? लोकांनी ती डोक्यावर घेतली. महिन्याभरातच चॅनेल फोरच्या ऑनलाइन सेवेवर ६५ लाखांच्या घरात वेळा पाहिली गेली. तोवर तिथे एवढी कुठलीच नाट्यमालिका पाहिली गेली नव्हती. फेब्रुवारीत इंग्लंडचा एचआयव्ही तपासणी सप्ताह आला. टेरेन्स हिगिन्स ट्रस्टच्या सांगण्यानुसार एका दिवसात ८,२०० जणांनी तपासणी संच मागवले. त्याआधीचा एका दिवसाचा उच्चांक होता २,८००.

सरकारी जाहिरातींना जे जमलं नव्हतं, ते पाच भागांनी करून दाखवलं. आणि हे पाच भाग होऊ नयेत म्हणून तीन वाहिन्यांतली शहाणीसुरती माणसं मान हलवून बसली होती.

प्रेक्षकांना झेपणार नाही, हे वाक्य प्रेक्षकाने कधी म्हटलंय? ते नेहमी प्रेक्षकाच्या वतीने कुणीतरी म्हणतं. वातानुकूलित खोलीत.

डेव्हिस यांच्या बाबतीत ही दुसरी खेप. १९९९ मध्ये त्यांनी 'क्वीअर ॲज फोक' लिहिली. मँचेस्टरची कॅनल स्ट्रीट, स्टुअर्ट, व्हिन्स आणि पंधरा वर्षांचा नेथन. बिअरच्या एका बड्या कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतलं. तक्रारींचा पाऊस पडला. त्यात एक तक्रार गे समाजातूनही आली: यात एड्स का नाही? डेव्हिस ठाम राहिले. आमचं आयुष्य म्हणजे हा रोग नव्हे, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. पण त्या रोगाची गोष्टही कधीतरी सांगायला हवी होती, आणि ती सांगायला त्यांना आणखी वीस वर्षं लागली. रिची जेव्हा अठराचा, तेव्हा डेव्हिसही अठराचेच. त्या काळात आपण तोंड फिरवलं होतं, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं.

तोंड कुणी फिरवलं नव्हतं? भारतात पहिला एचआयव्ही सापडला १९८६ मध्ये, मद्रासला. शोधणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, मद्रासच्या मराठी व्यापारी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, त्यातले सहा बाधित निघाले. सुनीतीबाईंनी पुढे वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र उभं केलं, इतरांनी दाखल करून घ्यायला नकार दिलेली माणसं तपासली. आपल्या किती लोकांना ही गायतोंड्यांची लेक माहीत आहे?

बाईंनी दाखवलं, देशाने सोयीचं तेवढं पाहिलं. दोष बायकांचा. पुरुषा-पुरुषांत असं काही आपल्याकडे नसतंच! १९९४ मध्ये तिहार तुरुंगात निरोध वाटावेत असं डॉक्टरांनी सुचवलं, तर तत्कालीन महानिरीक्षक किरण बेदी यांनी नकार दिला. दिले तर संबंध होतात हे मान्य करावं लागलं असतं, आणि ३७७ कलमाखाली तो गुन्हा. 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटाने त्यावर त्याच वर्षी त्या कलमालाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ती याचिका तशीच विरली; कलमाविरुद्ध पक्का निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडलं.

झाली की आता सात-आठ वर्षं. कायदा बदलला. संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा मराठी वाहिन्या लावून बघा. सासू आहे, सून आहे, खलनायिका आहे, वाड्यातलं गुपित आहे, एका लग्नाला तीस भाग आहेत. आपल्या जोडीदाराबरोबर भाजी घ्यायला निघालेला पुरुष कितीदा दिसला? विनोदी कार्यक्रमात साडी नेसलेला पुरुष मात्र दर आठवड्याला. त्याने पदर सावरला की हशा.

त्या हशाला टाळी देणाऱ्या घरात सोफ्यावर कोण बसलंय, हे कुणी विचारलंय?

मराठीत विषय नवा आहे म्हणू नका. चेतन दातारांनी 'एक माधवबाग' लिहिलं, त्यात मुलगा गे आहे हे कळलेली आई आपल्यापुढे उभी केली. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. भाऊ आणि बहीण दोघं एकाच भाडेकरूच्या प्रेमात. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' लिहिलं. हिंदीत ओटीटीवर २०१९ मध्येच 'मेड इन हेवन'चा करण मेहरा येऊन गेला. शेजारी, पोलीस, घरमालक, सगळ्यांसकट. पुस्तक लिहिणारे पुढे गेले, नाटकवाले पुढे गेले, वाचक आणि नाट्यगृहातला प्रेक्षक पुढे गेला. टीव्ही मागे राहिला.

आणि टीव्ही मागे राहिला की स्वयंपाकघर मागे राहतं. कारण 'कोबाल्ट ब्लू' वाचणारी आई वेगळी आणि साडेआठची मालिका बघत चपात्या लाटणारी आई वेगळी. दुसरी कितीतरी जास्त. तिच्यापर्यंत पोचायचं साधन वाहिन्यांच्या हातात आहे आणि त्या तिच्या नावानेच दार लावून बसल्यात. तिला आवडणार नाही म्हणतात. विचारलंय तिला? विधवेचं लग्न, घटस्फोट, मुलीने चितेला अग्नी देणं, मालिकांमधून हे सगळं तिने पाहिलं, पचवलं आणि शेजारणीशी त्यावर भांडलीसुद्धा.

तर वाहिनीवाल्यांनो, पाच भाग द्या. रात्री अकराला ढकलू नका, साडेआठला द्या. पहिल्या भागात कुणाला मारू नका. पोरं लंडनची नकोत. नाशिकहून, साताऱ्याहून, म्हापशाहून मुंबईला आलेली घ्या, त्यांना डोंबिवलीत खोली द्या, नोकरी द्या, लोकल चुकू द्या. आजार दाखवायचा तर आजची गोळी दाखवा: रोज घेतली आणि विषाणू रक्तात सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून पुढे जात नाही, हे मराठीत स्पष्ट म्हणा. आणि आईच्या कामाला तुमच्याकडची सगळ्यात चांगली नटी घ्या. सगळ्यात अवघड काम तिचंच आहे.